चाळीस थाळ्या लावणाऱ्या ताईंची थाळी

"मॅडम, मी काहीच खात नाही हो, तरी वजन वाढतंय." हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की समोरची बाई खुर्चीत नीट बसायच्या आत मला कळतं की आज हेच निघणार. कुडाळला समुपदेशक म्हणून बसते मी, मालवण वेंगुर्ला देवगड सगळीकडून बायका येतात, येताना कारण वेगळं असतं, झोप नाही, चिडचिड होते, सासूशी पटत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूच वजनाची गोष्ट बाहेर येते. मग "एक चार्ट द्या ना" आणि "हे दंड लोंबतायत ते जरा टोन व्हायला काय करू". सगळ्यांना वेगवेगळं सांगून दमले म्हणून ही एकीची गोष्ट लिहितेय, तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मालवणजवळ समुद्राला लागून त्यांचं घर, दोन खोल्या टुरिस्टना देतात आणि खाली खानावळ. वय एक्केचाळीस, वजन चौऱ्याहत्तर. थायरॉइड आणि शुगर आधी तपासून घ्या म्हटलं (हे मी सगळ्यांनाच सांगते, मनाचं दुखणं समजून शरीराचं राहून जायला नको), दोन्ही नॉर्मल. येताना मोबाईलमधे कुठून तरी मिळालेला चार्ट होता. सकाळी ओट्स, दुपारी किन्वा, रात्री ब्रोकोलीचं सूप. चार दिवस केला, पाचव्या दिवशी चक्कर आली, सहाव्या दिवशी वड्यांवर ताव मारला आणि मग आठवडाभर स्वतःला शिव्या.

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही तेच केलं. ओट्स काढून नाचणी लिहिली, किन्वा काढून उकडा तांदूळ, आणि स्वतःवर खूश झाले की बघा कसा कोकणातला चार्ट दिला. पंधरा दिवसांनी आल्या त्या वजन एक किलो वाढवूनच.

"खाता तरी काय दिवसभरात?" मी विचारलं.

"मी खातंय खय मॅडम! सकाळी चा, मगे गिऱ्हाईका. चारेक वाजता जा काय उरला आसता ता."

चहा किती? सहा कप. प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे साठेक ग्रॅम साखर, दोनशे चाळीस कॅलरी, आणि हे बाईंच्या हिशोबात "काहीच नाही" मधे जमा. पण मी तिथे अडकले नाही, कारण साखर मोजायला लावली असती तर पुन्हा तोच चार्ट झाला असता. का कोण जाणे, मी विचारलं, "ताई, तुमच्या थाळीत काय काय असतं?"

"सुरमय थाळी काय बांगडो थाळी?"

"बांगडा."

आणि त्या खुर्चीत सरळ झाल्या. दोन बांगडे, एक वाटी कढी, एक वाटी सुकट, दोन भाकऱ्या नायतर चार वडे, भाताची एक मूद, सोलकढी, कांदो, लिंबू. वाटी केवढी ते हाताने दाखवलं. कढी दुसऱ्यांदा मागितली तर फुकट, मासा मागितला तर पैसे वेगळे. मे महिन्यात दिवसाला चाळीस थाळ्या निघतात आणि एकही वाटी कमी-जास्त होत नाही, हे सांगताना चेहरा असा खुलला की मी त्यांना इतकं खूश आधी बघितलंच नव्हतं.

"आणि तुमची थाळी?"

"माझी खयची थाळी. मी टोपातलाच खातंय."

मग गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. (नवीन समुपदेशक इथेच बोलून सगळं घालवतात, मीसुद्धा कितीतरी वर्षं घालवलंय.) खाली रस्त्यावरून एस.टी. गेली, पंखा फिरत होता, आणि बऱ्याच वेळाने त्या स्वतःशीच म्हणाल्या, "थाळयेक माप आसा, मॅडम. टोपाक माप नाय."

पंधरा वर्षांत मला इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. जी बाई रोज चाळीस माणसांचं जेवण वाटीच्या मापात बसवते तिला आहार कसा आखायचा हे मी काय शिकवणार, तिला ते येतंच होतं, फक्त त्या चाळीसात ती स्वतः नव्हती. तुटके वडे गिऱ्हाईकाला वाढता येत नाहीत म्हणून ते तिच्या तोंडात, तळलेल्या माशाचा मोडलेला तुकडा तिच्या तोंडात, तळाची कढी आणि खरवडलेला भात चार वाजता उभ्या उभ्या. हे सगळं पोटात जात होतं पण जेवण म्हणून मोजलं जात नव्हतं.

आता मी ज्या पद्धतीने काम करते त्यात माणसाच्या बोलण्यातला "च" पकडायचा असतो, म्हणजे "हे असंच झालं पाहिजे" मधला हट्ट. ही पद्धत काढणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं सगळं काम या "च" भोवतीच आहे असं मी माझ्यापुरतं म्हणते. ताईंचे दोन होते. सगळे जेवल्यावरच मी जेवायचं. आणि अन्न टाकायचंच नाही. विचारलं, एक दिवस तुम्ही एक वाजता जेवलात तर नेमकं काय होईल? म्हणाल्या, सासू बोलेल. बोलली तर? ...तर बोलेल. इथे त्या पहिल्यांदा हसल्या.

ठरलं एवढंच की गिऱ्हाईकाची पहिली थाळी लावायच्या आधी एक थाळी ताईंची लावायची, झाकून ठेवायची, आणि एक वाजता खाली बसून खायची. थाळी तीच, मापं जरा बदलली. वडे नाहीत, एक भाकरी नाहीतर एक मूद भात, दोन्ही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांमधे ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांचा आहे, आणि आपल्या मासळीच्या थाळीत भाजी म्हणजे कांद्याच्या चार चकत्या! म्हणून लाल माठ, पडवळ, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा, जे परसात असेल ते, पण कढीच्या वाटीपेक्षा मोठ्या वाटीत. बांगडा रव्यात घोळून तळायच्या ऐवजी तिखलं, म्हणजे दाट तिखट रस्सा, किंवा तव्यावर चमचाभर तेलात. एक चमचा तेल म्हणजे चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, रवा किती पितो ते ताईंनाच जास्त माहीत. भात सोडायला मी सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही, कोकणात भात सोडलेला माणूस आठ दिवसांनी दुप्पट भात खातो.

आता ते टोनिंग. दंडाचे व्यायाम करून फक्त दंडाची चरबी जात नाही, हे ऐकून सगळ्याच हिरमुसतात. चरबी अंगभर कमी होते आणि खाली स्नायू असेल तर हात घट्ट दिसतो. स्नायूला दोन गोष्टी लागतात, ओझं आणि प्रोटीन. प्रोटीन साधारण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ताईंना साठेक ग्रॅम. मध्यम बांगड्यात अठरा-वीस, अंड्यात सहा, वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ. सकाळी नुसता चहा म्हणजे सगळा भार दुपारवर, म्हणून सकाळी दोन अंडी नाहीतर मुगाची उसळ घावण्याबरोबर. ओझं म्हणाल तर पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून जोर, आठवड्यातून तीनदा. दिवसभर उभं राहून काम करते म्हणजे व्यायाम झाला असं नसतं हो, तो थकवा झाला.

सासू बोललीच. "गिऱ्हाइकाच्या आदी जेवतंस?" ताईंनी उत्तर दिलं, "बसा तुमी पण." आता दोघी एक वाजता बसतात. ही आयडिया माझी नव्हती.

जूनमधे गाडी घसरली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, टुरिस्ट नाही, त्यामुळे थाळ्याच नाहीत, मग ताईंची तरी कुठली? पुन्हा टोप. फोन आला तेव्हा रडवेल्या होत्या, "सगळा फुकट गेला". मी विचारलं किती दिवस, म्हणाल्या नऊ. नऊ दिवसांत "सगळा" कसा गेला, सांगा बघू? कुळीथ घरात होता, कुळथात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, पिठी करायची पण ताटात वाढून, अंडी होती, सुकट होती (मीठ बघून, धुवून घ्या). दहाव्या दिवशी थाळी परत लागली.

आठ महिन्यांत सहा किलो. जाहिरातीत महिन्यात दहा लिहितात, त्यांना लिहू दे. कंबर सत्त्याण्णववरून एकोणनव्वद सेंटीमीटर झालीय, ऐंशीपर्यंत यायचंय, आणि मला वजनापेक्षा ते माप जास्त आवडतं.

परवा त्या फक्त भेटायला आल्या, बाहीचा ब्लाऊज लहान करून घेतला होता तो दाखवायला. तुटक्या वड्यांचं काय झालं ते मी विचारायचीच राहिले होते इतके दिवस. म्हणाल्या, "ते आता घोव खाता. त्याचा पोट सुटला बघा. त्याका कदी घेवन येव?"