सिंथेसायझरवाल्या डेपेश मोड या ब्रिटिश बँडचं 'कंडेम्नेशन' हे गाणं चर्चमधल्या गाण्यासारखं का वाटतं?

कारण ते मुद्दाम गॉस्पेलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणावर बांधलंय. १९९३च्या 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' या अल्बममधलं हे गाणं बँडमधल्या मार्टिन गोरनं लिहिलंय आणि गायक डेव्ह गहाननं गायलंय. बँडनं माद्रिदजवळ एक बंगला भाड्यानं घेऊन तिथेच स्टुडिओ थाटला होता. या गाण्यासाठी यंत्रं बाजूला ठेवून सगळे एका खोलीत जमले: कोणी टाळ्या वाजवतोय, कोणी ऑर्गनवर, बँडमधला अँडी फ्लेचर तर चक्क वाद्यं ठेवायचा खोका बडवतोय! म्हणून ठेका थोडा ओबडधोबड, माणसांचा वाटतो.

पण खरी कमाल गहानच्या आवाजाची. एरवी थंड, अलिप्त गाणारा हा माणूस इथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून कैफियत मांडावी तसा गातो. शब्दही तसेच आहेत, आरोप, शिक्षा, निर्दोषपणा. देवाची स्तुती मात्र शोधू नका. गॉस्पेलचा साज तेवढा घेतलाय.

सप्टेंबर १९९३मध्ये सिंगल, म्हणजे या एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड, निघालं ते 'पॅरिस मिक्स' या रूपात, त्यात मागे बायकांचे आवाज भरलेत. ब्रिटनमध्ये सिंगल्सच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. मला विचाराल तर अल्बममधलं साधं रूपच जास्त भिडतं. ते आवडलं तर त्याच अल्बममधलं 'गेट राइट विथ मी' ऐका.