आप्पांची रिव्हॉल्व्हर अजून तुमची झालेली नाही

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला केळीचा व्यापारी, वय ४१. बाग कापली की मजुरांना आणि गाडीवाल्यांना रोख द्यावी लागते, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा सावद्याहून, कधी बऱ्हाणपूरहून रात्री पैसे घेऊन यावं लागतं. मार्चमध्ये दोन मोटारसायकलवाल्यांनी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर बराच वेळ पाठलाग केला. तक्रार दिली नाही, कारण गेलं काहीच नव्हतं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, १४ महिन्यांपूर्वी वारले. त्यांची परवान्याची .३२ रिव्हॉल्व्हर घरात आहे. पाठलागानंतर मी ती गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून फिरतो. पण ती जड पडते. शर्टाखाली दिसणार नाही असं लहान पिस्तूल कोणतं घ्यावं? लपवून बाळगणं गुन्हा आहे का? एक ओळखीचा माणूस सातपुड्यापलीकडून ३० हजारांत ‘मॅगझीनवालं’ आणून देतो म्हणतो. शिरपूरला दिलेली एक बहीण आहे, तिला यातलं काही माहीत नाही.

उत्तर: भाऊ, तुम्ही पिस्तुलाबद्दल विचारलंत, पण मी सुरुवात डॅशबोर्डपासून करतो. कारण आज रात्री नाकाबंदी लागली तर तुम्ही फिर्यादी नसाल, आरोपी असाल.

शस्त्राचा परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याचा नसतो. आप्पा गेले त्या दिवशी त्यांच्या परवान्याचा आधार संपला. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. तुम्ही १४ महिने ते केलं नाही, आणि वर ते घेऊन फिरलात. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल कलम २५(१-ब)(अ) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीआधी त्याची शिक्षा एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच वर्षं आणि दंड आहे. ‘वडिलांची आहे, चोरीची नाही’ हे सांगून शिक्षा कमी व्हायला मदत होईल, गुन्हा पुसला जाणार नाही.

काही जण सुचवतील की बायकोच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवा. त्याचाही उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सांगितलंय की ताबा म्हणजे हातात किंवा खिशात असणं एवढंच नव्हे. वस्तू आहे याची जाणीव आणि तिच्यावर तुमचा ताबा चालतो, एवढं पुरतं. तुमच्या बाबतीत दोन्ही आहे.

तेव्हा उद्या सकाळी एखाद्या स्थानिक वकिलाला सोबत घ्या आणि रावेर पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या: वडील अमुक तारखेला वारले, शस्त्र अमुक क्रमांकाचं, काडतुसं इतकी, जमा करायचं आहे. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना जोडा. अर्जाची पोच हातात आल्याशिवाय रिव्हॉल्व्हर घराबाहेर काढू नका. नेताना ती रिकामी, काडतुसं वेगळी, आणि सोबत वकील. जमा केल्याची पावती घ्या, तिच्यावर क्रमांक आणि काडतुसांची संख्या आहे का ते तिथेच वाचून घ्या. उशीर झालाय, त्याबद्दल विचारणा होईल, कदाचित कटकटही होईल. तरीही शस्त्र स्वतः नेऊन देणारा माणूस आणि ज्याच्या गाडीत ते सापडलं तो माणूस यांच्यात न्यायालय फरक करतं, हे मी अनेकदा पाहिलंय. अर्जात तारखा खऱ्याच घाला.

आता तो ३० हजारांचा सौदा. त्या माणसाला आजच ‘नको’ म्हणा, आणि फोनवर लांबण लावू नका. शस्त्राच्या गुन्ह्यांत मोबाइलमधलं बोलणं पुरावा म्हणून येतं. मी एका खटल्यात आरोपीच्या बाजूने उभा होतो. मुद्देमालाचं पाकीट न्यायालयात उघडलं, लाखेचं सील तुटलं आणि टेबलावर जे आलं ते बघून मला शहारे आले. नळी म्हणजे कापलेला पाइप, आतून गंजाचे खवले, मुठीला लाकडाच्या दोन पट्ट्या तारेने आवळलेल्या. माझा अशील २४ वर्षांचा होता. त्याने ते कधी झाडलंही नव्हतं. बाळगलं, एवढ्यावरच तो आत गेला. तुम्हाला जे ‘मॅगझीनवालं’, म्हणजे मुठीत काडतुसांची डबी बसणारं, म्हणून मिळेल ते ९ एमएमच्या काडतुसाचं निघालं तर प्रकरण आणखी वर जातं. तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, आणि निषिद्ध शस्त्र किंवा दारूगोळा बाळगल्यास कलम २५(१-अ) खाली सात ते चौदा वर्षं शिक्षा आहे. परवान्याला वर्ष लागतं म्हणून हा रस्ता धरायचा असेल, तर एका वर्षाच्या बदल्यात सात वर्षं देण्याची तयारी ठेवावी लागेल.

तुमचा मूळ प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याच परवानाधारकांनाही ठाऊक नसतं. लपवून बाळगणं गुन्हा नाही. उलट शस्त्र नियम, २०१६ चा नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, नेताना ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (म्यानासारख्या आवरणात) किंवा बॅगेसारख्या आवरणात, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या नियंत्रणात असली पाहिजे. कमरेला मूठ दिसेल अशी खोचून लग्नात मिरवणं नियमाविरुद्ध आहे, आणि आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शर्टाखाली झाकून नेणं नियमात बसतं. डॅशबोर्डमध्ये टाकून जेवायला उतरणं बसत नाही, परवाना असला तरी.

परवाना जळगावच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. अर्ज नमुना अ-१ मध्ये, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मग पोलीस अहवाल. धंद्यामुळे जीव किंवा मालमत्ता राखण्याची खरी गरज आहे, हे तुम्हाला कागदावर दाखवावं लागेल, आणि इथे तुमची बाजू पोकळ आहे. मार्चच्या पाठलागाची तक्रारच नाही. ती आता उशिराने का होईना द्या: तारीख, वेळ, जागा, मोटारसायकलींचं वर्णन, आठवत असेल तेवढंच. बँकेतून काढलेल्या रोखीच्या नोंदी आणि मजुरी वाटपाची वही जोडा. अर्ज नाकारला तर कारणांचा लेखी आदेश मागा. त्यावर ३० दिवसांत नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. परवाना देताना क्षेत्र लिहिलेलं असतं. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, रावेरहून ते घरच्यासारखं वाटत असलं तरी. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन हद्द ओलांडलीत की परवान्याचा भंग झाला. तसंच सण-निवडणुकीच्या आधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. परवानाधारकांना त्यात सूट आहे का, हे प्रत्येक आदेश वाचूनच ठरवायचं.

आणि कोणतं घ्यावं? सर्वसाधारण परवान्यावर हँडगन घ्यायची तर .३२ किंवा .२२ बोअर. लहान-हलक्यात सरकारी कारखान्याची दोन नावं तुम्हाला दुकानात ऐकू येतील. एक कानपूरची ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेली, .३२ बोअरची, वजन साधारण अर्धा किलो. दुसरं ‘अशनी’, .३२ चंच पण मॅगझीनचं पिस्तूल. बोअर सारखा लिहिला तरी रिव्हॉल्व्हरचं आणि पिस्तुलाचं काडतूस वेगळं असतं, हे घेताना लक्षात ठेवा. पिस्तूल चपटं, शर्टाखाली कमी फुगतं. पण त्याचा सराव ठेवावा लागतो: मॅगझीन, स्लाइड, सेफ्टी. वर्षातून चार गोळ्या झाडणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातात मला रिव्हॉल्व्हर बरी वाटते. नळी जितकी आखूड, तितका नेम धरायला कठीण, त्यामुळे विकत घेण्याआधी प्रशिक्षणाच्या ठिकाणी तसंच एक झाडून बघा. होल्स्टरवर पैसे वाचवू नका. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे.

गोळी झाडायची वेळ आलीच तर भारतीय न्याय संहिता, २०२३ ची कलमं ३४ ते ४४ तुमच्या बाजूने आहेत, पण मोजून. लुटमार होत असताना किंवा जिवावर येत असताना अगदी मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क पोचतो (कलमं ३८ आणि ४१). पळून जाणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी त्यात बसवणं फार अवघड. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कलम ३७ देत नाही. मार्चच्या रात्री ते दोघं नुसते मागे येत होते. तेव्हा डॅशबोर्डमधून रिव्हॉल्व्हर काढून झाडली असतीत, तर आज मी तुमच्या जामिनाचा अर्ज लिहीत असतो.

आप्पांची रिव्हॉल्व्हर गमावण्याची गरज नाही. शस्त्र नियमांच्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. आता एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, म्हणजे आप्पांची ठेवून एक लहान घेण्याची मुभा उरते. किंवा तीच परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकून एक हलकी घ्या. पण वारस एकटे तुम्ही नाही. आई असेल तर ती, आणि बहीण. त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. वडिलांच्या कपाटातली वस्तू १४ महिने भाऊ वापरतोय, हे तिला तहसील कचेरीतल्या कागदावरून कळायला नको. पोलीस ठाण्यात जायच्या आधी शिरपूरला फोन करा.