इब्सेनच्या 'द वाइल्ड डक'मधली पात्रं कोणत्या प्रकारची आहेत? हे नाटक खोट्याची बाजू घेतं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. या नाटकातल्या पात्रांचे आदर्शवादी, स्वप्नाळू, व्यवहारी, निष्पाप बळी असे जे प्रकार शिकवतात ते कितपत खरे, हा एक. आणि शेवटी एक मुलगी मरते म्हणजे सत्य सांगूच नये असं नॉर्वेजियन नाटककार इब्सेनला म्हणायचं आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिला त्यातूनच सुटतो.

नाही, इब्सेन खोट्याची वकिली करत नाही. या नाटकात सत्य दोनदा सांगितलं जातं. एकदा त्यातून घर मोडतं आणि एकदा लग्न जुळतं. पहिल्या वेळी एक माणूस दुसऱ्यांचं सत्य उघड करतो, दुसऱ्या वेळी दोन माणसं एकमेकांना स्वतःचं सत्य सांगतात. माझ्या मते नाटकाचा गाभा इथे आहे. बहुतेक टिपणांतून तो निसटतो, कारण हे लग्न करणाऱ्या सोर्बीबाईंना 'दुय्यम पात्र' म्हणून एका ओळीत उरकलेलं असतं.

कथानक थोडक्यात असं. म्हातारा वेर्ले हा श्रीमंत उद्योगपती. लेफ्टनंट एकडाल एके काळी त्याचा भागीदार होता. सरकारी जंगलात बेकायदा झाडतोड झाल्याच्या खटल्यात एकडाल तुरुंगात गेला, वेर्ले निर्दोष सुटला. पुढे वेर्लेने एकडालच्या मुलाला, याल्मारला, फोटोग्राफीच्या धंद्यात उभं केलं आणि स्वतःच्या घरी कामाला असलेल्या गीनाशी त्याचं लग्न जुळेल अशी व्यवस्था केली. त्यांची मुलगी हेडविग चौदा वर्षांची व्हायला आली आहे. वेर्लेचा मुलगा ग्रेगर्स बऱ्याच वर्षांनी डोंगराळ भागातल्या कारखान्यावरून शहरात परततो. गीनाशी आपल्या बापाचा जुना संबंध होता हे त्याला उमगतं आणि मित्राचा संसार सत्याच्या पायावर नव्याने उभा करायचाच, असा ध्यास तो घेतो.

हे नाटक १८८४ सालचं. त्याआधी दोनच वर्षं, १८८२ मध्ये, इब्सेनने 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' लिहिलं होतं. त्यातला डॉ. स्टॉकमन गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे सत्य सांगतो आणि अख्खं गाव त्याच्यावर उलटतं. प्रेक्षक अर्थातच डॉक्टरच्या बाजूने. तोच लेखक दोन वर्षांत सत्याचा झेंडा ग्रेगर्सच्या हाती देतो, तेव्हा वाचक गोंधळणारच. पण दोघांतला फरक स्पष्ट आहे. स्टॉकमनच्या सत्याची किंमत स्टॉकमन मोजतो. नोकरी त्याची जाते, दगड त्याच्या खिडक्यांवर पडतात. ग्रेगर्सच्या सत्याची किंमत दुसऱ्याच्या घरातली मुलगी मोजते.

ग्रेगर्सला नुसतं 'आदर्शवादी' म्हणून सोडून देऊ नका. त्याचा हेतू नीट पाहा. जीव धरून राहायचं तर माझ्या आजारी सदसद्विवेकाला उपाय शोधला पाहिजे, अशा अर्थाचं तो तिसऱ्या अंकात बापालाच सांगतो. बाप एकडालला गोत्यात आणत होता तेव्हा आपण तोंड उघडलं नाही, याची बोच त्याला आहे. म्हणजे देणं त्याचं आहे आणि वसुली तो एकडालांच्या घरातून करतो. पूर्वी कारखान्यावर असतानाही तो मजुरांच्या झोपड्यांत 'आदर्शाची मागणी' घेऊन जायचा, हे आपल्याला एकडालांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टर रेलिंगकडून कळतं. एखाद्या वसुली कारकुनासारखा तो दारोदार हिंडतो. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणखी एक बारीक तपशील आहे. एकडालांकडे भाड्याने घेतलेल्या खोलीत तो स्वतःच शेगडी पेटवायला जातो, खोलीभर धूर करतो आणि आग विझवायला पाण्याचा जग ओतून जमिनीवर चिखल करून ठेवतो. ते निस्तरायचं काम गीनाच्या वाट्याला येतं. पुढच्या तीन अंकांत काय होणार आहे ते इब्सेनने इथेच दाखवलं आहे.

आता याल्मार. हे पात्र मला इब्सेनच्या सगळ्या पात्रांत सर्वांत खरं वाटतं, म्हणून त्याच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. पहिल्या अंकात वेर्लेच्या मेजवानीत त्याचा म्हातारा बाप अचानक पाहुण्यांसमोरून जातो आणि हा तोंड फिरवतो, ओळखच दाखवत नाही. तिथे बड्या पाहुण्यांकडून टोके नावाच्या वाइनबद्दल ऐकलेली माहिती तो घरी येऊन स्वतःच्या हुशारीची म्हणून सांगतो. मुलीला काहीतरी गोड आणायचं कबूल केलेलं असतं, ते विसरतो आणि तिच्या हातात मेजवानीचं मेन्यूकार्ड ठेवतो. पदार्थ कसे लागतात ते मी तुला वर्णन करून सांगेन, म्हणतो. आपण फोटोग्राफीत मोठा शोध लावणार आहोत, त्या शोधाने बापाची अब्रू परत मिळणार आहे, असं तो सगळ्यांना सांगत असतो. त्यासाठी राखलेला वेळ दुपारी सोफ्यावर पडण्यात जातो. स्टुडिओ चालवते गीना.

यातला सर्वांत भयंकर प्रसंग आवाज न करता येतो. हेडविगची नजर कमी होत चालली आहे, डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं घरात ठरलेलं आहे. याल्मार फोटो रिटच करायला बसतो, पण त्याचं सगळं लक्ष पोटमाळ्यावर म्हाताऱ्या एकडालसोबत चाललेल्या खटपटीकडे. हेडविग म्हणते, द्या, मी करते. तो ब्रश तिच्या हातात देतो आणि बजावतो की डोळे बिघडवून घेऊ नकोस, जबाबदारी माझी नाही, तुझी तू घे. एवढ्या दोन-तीन वाक्यांत बाप पूर्ण उभा राहतो. तो दुष्ट नाही. मुलीवर त्याचं प्रेम आहे आणि ते तो मनापासून बोलून दाखवतो. फक्त त्या प्रेमासाठी काही करायची वेळ आली की तो बाजूला होतो. 'स्वप्नाळू' हा शब्द याला फार गोंडस पडतो.

पात्रांना प्रकारांत बसवायचंच असेल, तर काम कोण करतं आणि बोलतं कोण, ही कसोटी लावा. गीना आणि हेडविग लोण्याचा खर्च किती झाला याचा हिशोब मांडतात, खोली भाड्याने देतात, गिऱ्हाइकं सांभाळतात. याल्मार, ग्रेगर्स आणि रेलिंग बोलतात. गीनाला मोठे शब्द नीट उच्चारताही येत नाहीत. म्हणून कित्येक टीकाकारांनी तिला 'सामान्य बुद्धीची व्यवहारी स्त्री' म्हणून बाजूला ठेवलं. हा तिच्यावर अन्याय आहे. चौथ्या अंकात याल्मार विचारतो, लग्नाआधी का नाही सांगितलंस? ती विचारते, सांगितलं असतं तर लग्न केलं असतं का? तो म्हणतो, शक्यच नव्हतं. तेव्हा ती सांगते की म्हणूनच धीर झाला नाही. तिच्या खोट्यामागचं सगळं कारण एवढंच आहे. आणि माझ्यासारखी बायको मिळाली नसती तर तुमचं काय झालं असतं, हा तिचा प्रश्न तितकाच खरा आहे, कारण तिला भेटला तेव्हा तो वाया जायच्या वाटेवर होता.

या प्रश्नाला त्या काळाचा संदर्भ आहे. लग्नाआधीचं चारित्र्य फक्त बाईचंच तपासायचं का, हा वाद तेव्हा नॉर्वेत पेटलेला होता. नॉर्वेजियन लेखक ब्यर्नसनने त्यावर १८८३ मध्ये नाटक लिहिलं आणि पुरुषालाही तीच अट घातली. त्याच नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी 'आंधळ्यांची शाळा' लिहिलं आणि नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने ते १९३३ मध्ये रंगभूमीवर आणलं. मराठी वाचकाला हा धागा परका नाही. इब्सेन मात्र या वादात कोणाची बाजू घेत नाही. तो त्या चौकशीने घरातल्या माणसांचं काय होतं ते दाखवतो.

सोर्बीबाई वेर्लेचं घर सांभाळतात आणि आता त्याच्याशी लग्न करणार आहेत. चौथ्या अंकात त्या ग्रेगर्सला सांगतात की माझ्याबद्दल जे काही सांगण्यासारखं होतं ते मी स्वतः वेर्लेंना सांगितलं आहे आणि त्यांनीही आपलं काही लपवलेलं नाही. वेर्लेची दृष्टी जात चालली आहे, हेही त्यांना माहीत आहे. ग्रेगर्स ज्या निखळ सत्यावरच्या लग्नाची स्वप्नं पाहतो, ते लग्न त्याच्या नाकासमोर होतं आणि तेही त्याला तिरस्कार वाटणाऱ्या बापाचं. याल्मारला ही विसंगती दिसते आणि तो चिडून बोलूनही दाखवतो. ग्रेगर्सला ती पटत नाही. तिथे कोणी कोणाला उघडं पाडलेलं नाही, कोणी क्षमेचा सोहळा केलेला नाही. दोन प्रौढ माणसांनी आपापलं सांगितलं आणि पुढे चालायचं ठरवलं, बस.

डॉक्टर रेलिंगला 'लेखकाचा आवाज' मानण्याची पद्धत आहे. सामान्य माणसाकडून त्याच्या जगण्याला आधार देणारं खोटं काढून घेतलंत तर त्याचं सुखही काढून घेता, हे त्याचं म्हणणं परीक्षेत हमखास येतं. मला हे पूर्णपणे मान्य नाही. रेलिंगचं निदान अचूक असतं. या वयाच्या पोरीला तुमच्या भानगडीतून बाहेर ठेवा, ती जिवाचं काहीतरी करून घेईल, असा इशारा तो एकटा देतो. पण त्याचा उपचार पाहा. याल्मारला शोधाचं वेड त्याने लावलं. त्याच्यासोबत राहणाऱ्या दारूड्या मोल्विकला तू 'दैत्यी' वृत्तीचा आहेस असं सांगून त्याने त्याच्या दारूला प्रतिष्ठा दिली. तो स्वतः पितो, एकदा हातातून गेलेल्या सोर्बीबाईंचं दुःख उराशी धरून बसतो. त्याच्या औषधाने कोणी बरा झालेला नाटकात दिसत नाही. ग्रेगर्स माणसांना फार मोठं समजतो, रेलिंग फार लहान. दोघेही समोरच्याला विचारत नाहीत.

आणि हेडविगला तर कोणीच विचारत नाही. ही माझीच मुलगी का, असं याल्मार विचारतो, तेव्हा गीना मला माहीत नाही म्हणते. म्हाताऱ्या वेर्लेची दृष्टी आणि मुलीची दृष्टी एकाच वाटेने चालली आहे, एवढी खूण इब्सेन ठेवतो आणि खुलासा करत नाही. याल्मार मुलीला दूर ढकलतो. ग्रेगर्स तिला सुचवतो की बापाचं प्रेम परत हवं तर पोटमाळ्यावर पाळलेलं तुझं सर्वांत लाडकं रानबदक त्याच्यासाठी मार. पाचव्या अंकात याल्मार ग्रेगर्सला सांगत असतो की मी तिला माझ्यासाठी जीव देशील का असं विचारलं तर काय उत्तर मिळेल, आणि तेवढ्यात पोटमाळ्यातून गोळीचा आवाज येतो. तिने दाराआडून हे ऐकलं की नाही, हे नाटक सांगत नाही. तिला फक्त 'बळी' म्हणू नये असं मला वाटतं. मोठ्यांच्या भाषेतले बलिदान, क्षमा, जीव देणं हे शब्द खरे मानून त्यांप्रमाणे वागणारं या घरात एकच माणूस आहे आणि ते चौदा वर्षांचं आहे.

रानबदक म्हणजे अमुक एक पात्र, अशी जोडी लावत बसू नका. वेर्लेच्या गोळीने जखमी झालेला, तळाशी बुडी मारून शेवाळात चोच रुतवलेला आणि कुत्र्याने वर काढलेला तो पक्षी म्हाताऱ्या एकडालला लागू होतो, याल्मारलाही आणि हेडविगलाही. पोटमाळ्याचंही तसंच आहे. नऊ अस्वलं मारलेला म्हातारा आता तिथे वाळक्या ख्रिसमसच्या झाडांत सशांची शिकार करतो. बाहेरून ते केविलवाणं वाटतं, पण हेडविगला तीच जागा समुद्राचा तळ वाटते आणि ती तिथली जुनी चित्रांची पुस्तकं पाहते. एकाच जागेत एकाची पळवाट आहे आणि दुसरीची कल्पनाशक्ती.

उत्तरपत्रिकेसाठी सांगायचं तर चौथा अंक सर्वांत आधी नीट वाचा, विशेषतः सोर्बीबाई येतात तिथून पुढे. ग्रुपमध्ये वाचन करणार असाल तर याल्मारचं काम करणाऱ्याला एक गोष्ट जरूर सांगा. १८८४ मध्ये ख्रिस्तियानियाच्या (आजच्या ओस्लोच्या) रंगभूमीला लिहिलेल्या पत्रात इब्सेनने स्पष्ट म्हटलं होतं की याल्मारचं विडंबन होता कामा नये आणि आपण बोलतो त्यात काही हास्यास्पद आहे याची त्या नटाला जाणीव असल्याचं दिसता कामा नये. त्याचं गोड, भावुक बोलणं खरं वाटलं तरच हेडविगने त्यावर विश्वास का ठेवला हे प्रेक्षकाला कळेल.