दूरस्थ डीएमएलटी आणि पाकिटावरचा शिक्का

प्रश्न : ऑगस्ट २०२१ मध्ये मी परराज्यातील एका खासगी विद्यापीठाच्या दूरस्थ डीएमएलटीला (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला) आमच्या तालुक्यातील अभ्यासकेंद्रातून प्रवेश घेतला. १,१०,००० रुपये भरले, दोन वर्षे दर रविवारी चार तास वर्गाला गेलो आणि जुलै २०२३ मध्ये गुणपत्रिका मिळाली. अशा तंत्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या पॅरामेडिकल कौन्सिलने मात्र नोंदणी नाकारली. केंद्रचालक ‘काम होईल’ एवढेच सांगतात. कौन्सिलविरुद्ध कोर्टात जाता येईल का? धाकट्या बहिणीलाही याच केंद्रात प्रवेश घ्यायचा आहे.
(सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : अशी पत्रे दर प्रवेशाच्या मोसमात येतात, त्यामुळे मान्यता आधी तपासायला हवी होती हे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही पाठवलेल्या छायाप्रतींत सर्वांत मोलाची प्रत गुणपत्रिकेची नसून कौन्सिलच्या नकाराच्या पत्राच्या पाकिटाची आहे. त्यावर तुमच्या गावच्या टपाल कार्यालयाचा १८ सप्टेंबर २०२४ चा शिक्का स्वच्छ वाचता येतो. तुमची तक्रार कौन्सिलविरुद्ध नव्हे, तर केंद्राविरुद्ध ग्राहक आयोगात जायला हवी, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. केंद्राचे वकील ही मुदत गुणपत्रिकेपासून मोजायला लावतील, आणि आयोगाने ते मान्य केले तर ती जुलै २०२५ मध्येच संपली. आपले म्हणणे असे राहील की, फसवणूक झाल्याचे तुम्हांला हे पाकीट हाती पडले तेव्हाच कळले. त्या हिशेबाने सप्टेंबर २०२६ च्या मध्यापर्यंत वेळ आहे.

हे पत्र घरात ठेवून तुम्ही एकोणीस महिने केंद्रचालकाच्या शब्दावर काढलेत, याचे वाईट वाटते आणि रागही येतो. तोंडी आश्वासनांनी किंवा नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘ते होईल म्हणाले’ हे कारण आयोगाला पटेलच, असा भरवसा मी देणार नाही.

कौन्सिलविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा २५ मे २०२१ रोजी, म्हणजे तुमच्या प्रवेशापूर्वी, अमलात आला. त्यातील व्याख्येप्रमाणे तंत्रज्ञाची पदविका किंवा पदवी किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत सत्रवार विभागलेली असावी लागते. तुमचे दोन वर्षांचे सगळे रविवार धरले, एकही सुट्टी वजा केली नाही, तरी ४१६ तास भरतात. नकाराची मूळ कारणे पाहिल्याशिवाय अखेरचे मत देता येणार नाही, पण हे अंतर युक्तिवादाने भरून निघेल असे वाटत नाही.

ग्राहक आयोगातही वाट सरळ नाही. शिक्षणसंस्था ‘सेवा’ देत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे. उलट, मान्यता व संलग्नतेबद्दल खोटी जाहिरात करणाऱ्या एका दंत महाविद्यालयाविरुद्ध २००९ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांना दिलासा दिला. तुमचे प्रकरण या दंत महाविद्यालयाच्या निकालाकडे झुकते, कारण केंद्राच्या पत्रकावर ‘शासनमान्य, नोकरीस पात्र’ असे छापले आहे आणि पावतीवर विद्यापीठाचे नाव नसून एका ट्रस्टचा रबरी शिक्का आहे. म्हणून ट्रस्ट आणि विद्यापीठ दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क नाही. नोटीस देऊन उत्तराची वाट पाहू नका, नोटिशीने मुदत थांबत नाही. वस्तूची प्रयोगशाळेत चाचणी करण्याची गरज नसलेली तक्रार विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात पंचविशीतल्या मुलाची उमेद खर्ची पडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. तोवर कोणाच्या सांगण्यावरून स्वतःची लॅब थाटून अहवालांवर सह्या करू नका. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच अहवालावर सही करावी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

राहिला बहिणीचा प्रश्न. २०२१ च्या या कायद्यात येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. केंद्रचालक काहीही दाखवोत, तिचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका आणि भरले असतील तर पावती घेऊन याच आठवड्यात लेखी परतावा मागा.