वाचक विचारतात : पुरस्काराच्या रात्री सभागृह कुठे असतं?

संगीत-पुरस्कारांचा मोसम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. कोण जिंकलं हे सगळ्यांना कळलेलं असतं. त्यापुढचं काय, ते विचारलं जातं. मी संगीत सभागृहाच्या तारखा सांभाळते. कोणाला कोणता दिवस द्यायचा, ध्वनितपासणीला किती वेळ राखायचा, तिकीट खिडकी कधी उघडायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तरंही त्याच खुर्चीतून देते आहे.

प्रश्न : एखादा अल्बम सभागृहात, प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं, तर सभागृहाच्या वाट्याला काही येतं का?

नाही. ग्रॅमीचा तो सोनेरी ग्रामोफोन कलाकाराला मिळतो, निर्मात्याला मिळतो, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मिळतो. ज्या भिंतींमध्ये तो आवाज घुमला, त्यांचं नाव आलंच तर अल्बमच्या शीर्षकात येतं.

अमेरिकी गायिका-अभिनेत्री ज्यूडी गार्लंड यांची २३ एप्रिल १९६१ ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल घ्या. तिच्या अल्बमला १९६२ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ध्वनिमुद्रणासाठी वेगळं ग्रॅमी मिळालं, मुखपृष्ठासाठीही मिळालं. पण त्या मैफलीच्या वर्षभर आधीपर्यंत हा हॉल पाडायचं घाटत होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा त्यांचा सगळ्यात मोठा भाडेकरू वाद्यवृंद नव्या लिंकन सेंटरमध्ये जाणार होता आणि १८९१ पासून उभ्या असलेल्या या वास्तूच्या जागी ४४ मजली लाल इमारत बांधायचा आराखडा तयार होता. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांनी माणसं जमवली, सरकारदरबारी खेटे घातले आणि १९६० मध्ये शहरानं ही वास्तू ५० लाख डॉलरला विकत घेतली. हे सगळं झालं नसतं तर पुढच्या एप्रिलमध्ये गार्लंड यांना दुसरीकडे कुठे तरी गावं लागलं असतं आणि तो आवाज तसा ऐकू आला नसता.

तसा म्हणजे कसा, याचं उत्तरही याच हॉलच्या इतिहासात मिळतं. १९८६ मध्ये तिथं मोठं नूतनीकरण झालं. त्यानंतर वादक आणि समीक्षक तक्रार करू लागले की खर्ज पूर्वीसारखा भरत नाही, वरचे स्वर कडक लागतात. काही वर्षं वाद चालला. १९९५ मध्ये रंगमंचाच्या फळ्या उचकटल्या, तर खाली काँक्रीट निघालं. ते फोडून काढलं गेलं. चेलो आणि डबल बास यांची खालची दांडी थेट फळीवर टेकलेली असते. फळीखाली मोकळी जागा असेल तर वाद्याचा कंप लाकडात उतरतो आणि फळीही वाजायला लागते. खाली घट्ट काँक्रीट असेल तर कंप तिथंच दबतो. म्हणून नव्या सभागृहात गेले की मी आधी रंगमंचावर टाच आपटून पाहते. झुंबरं आणि गाद्या नंतर.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कमधल्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य बंदिस्त सभागृहाचं. १ ऑगस्ट १९७१ रोजी पं. रविशंकर आणि ‘बीटल्स’मधले जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी तिथं कार्यक्रम केला. त्या अल्बमलाही १९७३ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळालं. त्या दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. मला पहिल्यांदा आठवते ती मधली वेळ. हजारो माणसं बाहेर काढायची, रांगा झाडायच्या, वाद्यं पुन्हा लावायची आणि तेवढीच माणसं पुन्हा आत घ्यायची. हे ज्यांनी केलं, त्यांची नावं कोणत्याही पुरस्काराच्या यादीत नाहीत.

प्रश्न : पुरस्कार मिळाल्यावर कलाकाराचं मानधन वाढतं. मग आधीच ठरलेल्या कार्यक्रमाचं काय होतं?

करार झाला असेल तर ठरलेलं मानधन ठरलेलंच राहतं. गडबड होते ती नुसत्या ‘होल्ड’वर असलेल्या तारखांची. कलाकाराचा एजंट कित्येक महिने आधी आमच्याकडे तारीख धरून ठेवतो. तो झाला पहिला होल्ड. त्याच तारखेवर दुसरा कोणी डोळा ठेवून असेल तर त्याचा दुसरा होल्ड. दुसऱ्याला तारीख पक्की करायची असेल तर तो पहिल्याला आव्हान देतो. मग पहिल्यानं थोड्याच अवधीत करार करायचा, नाही तर तारीख सोडायची. सगळा व्यवहार शब्दावर चालतो.

ग्रॅमीची नामांकनं साधारण नोव्हेंबरमध्ये जाहीर होतात आणि समारंभ जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत होतो. खरी उलथापालथ या मधल्या काळात होते. काल ज्याच्या तारखेला कोणी विचारत नव्हतं, त्याचं नाव यादीत आलं की एजंटचा सूर बदलतो. ‘पुन्हा बोलू या’ हे त्याचं वाक्य. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की त्याला आता दुपटीनं मोठं सभागृह हवं आहे. शिवाय करारात एक अट येते : या कार्यक्रमाच्या आगेमागे ठरावीक काळ, ठरावीक अंतराच्या आत कलाकार दुसरीकडे गाणार नाही. मोठ्या सभागृहानं ही अट घातली की आसपासच्या लहान सभागृहांना त्या मोसमात तो कलाकार मिळतच नाही.

एका वाचकानं याच संदर्भात ‘शक्ती’ या उस्ताद झाकीर हुसेन यांच्या बँडबद्दल विचारलं आहे. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी शक्तीच्या ‘धिस मोमेंट’ला ग्लोबल म्युझिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि उस्ताद झाकीर हुसेन यांनी त्या एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतली. पण शक्तीचा पन्नाशीचा दौरा २०२३ मध्येच झाला होता. अल्बमही त्याच वर्षी जूनमध्ये आला. म्हणजे ज्या सभागृहांनी त्यांना तारखा दिल्या, त्यांनी ग्रॅमी बघून दिल्या नव्हत्या. त्या माणसांचं वादन ठाऊक होतं म्हणून दिल्या होत्या. आणि डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. पुरस्काराची वाट पाहत जो बसला, त्याला ती मैफल मिळाली नाही. तारखा लावताना कान आधी, यादी नंतर, असं मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांना सांगते ते याचसाठी.

प्रश्न : ‘जगातलं सर्वोत्तम संगीतस्थळ’ अशा याद्या येतात. त्या कोण ठरवतं?

या व्यवसायात ‘पोलस्टार’ या नियतकालिकाच्या पुरस्कारांना वजन आहे. त्यासाठी याच धंद्यातली माणसं मतं देतात : एजंट, आयोजक, व्यवस्थापक. म्हणजे गर्दी किती मावते यापेक्षा इथं काम करायला कसं वाटतं, याचा तो कौल असतो. सामान गाडीतून रंगमंचावर किती लवकर चढतं, मदतीला माणसं वेळेवर येतात का, हिशेब त्याच रात्री हातात पडतो का. श्रोत्याला यातलं काही दिसत नाही, पण कलाकार पुढच्या वर्षी परत येतो की नाही, हे यावर ठरतं.

अमेरिकेत डेन्व्हरजवळचं रेड रॉक्स हे खुलं प्रेक्षागृह १९४१ मध्ये सुरू झालं. दोन बाजूंना सुमारे तीनशे फुटी लाल खडक आणि मध्ये साडेनऊ हजार माणसं बसतील एवढ्या पायऱ्या. मालकी डेन्व्हर शहराची. पोलस्टारचा खुल्या स्थळांचा पुरस्कार त्यांनी इतक्या वेळा जिंकला की शेवटी त्या पुरस्कारालाच रेड रॉक्सचं नाव देऊन त्यांना स्पर्धेतून बाजूला ठेवलं गेलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. तसे खडक दुसरा कोणी कुठून आणणार?

कमाईच्या आणि तिकीटविक्रीच्या याद्या मात्र जपून वाचा. त्यातले आकडे सभागृहांनी आणि आयोजकांनी स्वतः कळवलेले असतात. ज्यानं आकडा कळवला नाही, त्याचा कार्यक्रम यादीच्या लेखी झालाच नाही. लहान सभागृहांत आकडे भरून पाठवायला वेगळा माणूस नसतो. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे तिथं काही घडत नाही, असा अर्थ काढू नका.

प्रश्न : ग्रॅमी समारंभ बहुधा एकाच ठिकाणी का असतो?

कारण एवढा मोठा पसारा झेपणारी सभागृहं मोजकीच असतात. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये (आता त्याचं नाव क्रिप्टो डॉट कॉम अरीना) २००० पासून बहुतेक समारंभ झाले. तिथं एरवी बास्केटबॉल आणि आइस हॉकी चालते. समारंभाच्या तयारीसाठी कित्येक दिवस मैदान अडतं, म्हणून तिथले संघ त्या काळात बाहेरगावी सामने खेळत फिरतात. जानेवारी २०२२ चा समारंभ कोविडमुळे पुढे गेला, तेव्हा त्या सभागृहात मोकळी तारीखच उरली नव्हती. शेवटी तो ३ एप्रिलला लास व्हेगासमध्ये झाला. तारीख हुकली की ग्रॅमीलासुद्धा गाव बदलावं लागतं.

प्रश्न : एकीकडे दौऱ्यांच्या कमाईचे विक्रम, दुसरीकडे लहान सभागृहं बंद पडल्याच्या बातम्या. दोन्ही एकाच वेळी कसं?

ही पत्रं सगळ्यात जास्त आली आणि मला सगळ्यात जवळचा प्रश्नही हाच आहे.

टेलर स्विफ्ट यांच्या ‘इराज टूर’चे मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात १४९ कार्यक्रम झाले. एक कोटीहून अधिक प्रेक्षक आले, कमाई २०० कोटी डॉलरच्या वर गेली. हा पैसा स्टेडियममध्ये, मोठ्या आयोजकांकडे आणि तिकीट कंपन्यांकडे फिरतो. लहान सभागृहात तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा कलाकार, ध्वनी, प्रकाश आणि करांत जातो. जागा टिकते ती खानपानाच्या विक्रीवर आणि इतर दिवशी मिळणाऱ्या भाड्यावर. भाडं किंवा विजेचं बिल थोडं वाढलं तरी सगळं गणित कोसळतं. आणि हीच स्विफ्ट सुरुवातीला नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत गात होती. तिथं नव्वदेक माणसं बसतात. तिथंच तिला ऐकून एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं हेरलं. नव्वद खुर्च्यांची ती जागा त्या रात्री बंद असती तर स्टेडियमनं कोणाला बोलावलं असतं?

कोविडच्या काळात हे लोकांना दिसलं. १४ मार्च २०२१ च्या ग्रॅमी समारंभात काही पुरस्कार जाहीर करायला सिनेतारकांऐवजी बंद पडलेल्या सभागृहांतली माणसं आली : नॅशव्हिलच्या स्टेशन इनचे मालक, लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडोर आणि होटेल कॅफेतल्या कर्मचारी, न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधले जुने कर्मचारी. एक बाई बारमागे काम करणाऱ्या होत्या. मी कितीतरी पुरस्कार समारंभ पाहिले, पण पडद्यावर आमच्यातलं माणूस मी त्या रात्री पाहिलं. त्याआधीच अमेरिकेत स्वतंत्र सभागृहांनी एकत्र येऊन संघटना केली होती आणि सरकारकडून १,६०० कोटी डॉलरहून अधिक मदतीची योजना मंजूर करून घेतली होती.

ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ हेच काम करतो. त्यांची मागणी साधी आहे : स्टेडियम आणि अरीनातल्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड तळातल्या सभागृहांसाठी बाजूला काढा. रॉयल अल्बर्ट हॉलनं आपल्या रॉक आणि पॉप कार्यक्रमांसाठी २०२५ मध्ये ही गोष्ट मान्य केली. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडनं त्याच वर्षीच्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा या ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं. मला हा तोडगा सरकारी मदतीपेक्षा चांगला वाटतो. मदत एकदा येते आणि संपते. तिकिटावरचा पौंड दर कार्यक्रमाला येतो. पण हे ऐच्छिक असेपर्यंत ज्यांनी द्यायला हवं ते देणार नाहीत. म्हणून मी सक्तीच्या बाजूची आहे.

प्रश्न : मग सभागृहाचा सन्मान कोणी करतच नाही का?

केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर ऑनर्समध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरला गौरवण्यात आलं. एरवी हा मान कलाकारांना मिळतो. एखाद्या वास्तूला तो पहिल्यांदाच मिळाला. याच रंगमंचावर १९३४ मध्ये हौशी कलाकारांच्या रात्री एला फिट्झगेराल्ड (पुढे जॅझची मोठी गायिका झाली ती) ही किशोरवयीन मुलगी नाचायला म्हणून आली, आयत्या वेळी गायली आणि बक्षीस घेऊन गेली. तिथं विंगेजवळ एका जुन्या झाडाचा ओंडका ठेवलेला आहे. हौशी कलाकार रंगमंचावर जाण्याआधी त्यावर हात फिरवतात. इतक्या हातांनी तो गुळगुळीत झाला आहे.

पडद्यामागच्या तंत्रज्ञांसाठी अमेरिकेत ‘पार्नेली’ पुरस्कार आहेत. ध्वनी, प्रकाश, वाहतूक, रंगमंच उभारणी असे त्याचे विभाग. त्या याद्या वर्तमानपत्रांत येत नाहीत, पण जरूर शोधून वाचा.

तिकिटांचा काळाबाजार आणि तिकिटावर लागणारे वेगवेगळे आकार यांबद्दल आलेली पत्रं मोठी आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात.