परिषद बडोद्यात घ्यायची तर अल्पसंख्याक सहभागींच्या सुरक्षिततेला किती वजन द्यावं?

तुम्ही लिहिलंय की समितीतले एकजण म्हणतात, हा विषय काढला तर शहराची बदनामी होते. मी दांडिया बाजारात वाढलेला बडोदेकर. खुशाल काढा. फक्त 'शहर कसं आहे' असं विचारू नका, कारण त्यावर आम्ही सगळे सयाजीरावांपासून सुरू करू आणि 2018च्या साहित्य संमेलनापर्यंत येऊ. तेवढ्यानं तुमच्या पाहुण्याला खोली मिळत नाही.

डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली ती बडोदा संस्थानानंच. त्या करारापोटी नोकरी करायला ते 1917 मध्ये इथे आले. महाराज पाठीशी, हुद्दा चांगला, पण उतरायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना तिथून हुसकावलं. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मग कमाटीबागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. एवढ्या पुरोगामी राज्यात गाडं अडलं ते उंबरठ्यावर.

म्हणून मी सभागृहाआधी हॉटेल बघेन. सयाजीगंज आणि अलकापुरी, स्टेशनच्या दोन्ही अंगांना भरपूर आहेत. खोल्या संस्थेच्या नावानं एकगठ्ठा घ्या आणि मॅनेजरला आडपडदा न ठेवता विचारा: आधारवर मुसलमान नाव असेल तर? दोन पुरुषांना एकच डबल बेड हवा असेल तर? ट्रान्स पाहुण्याचं ओळखपत्र जुन्या नावाचं असेल तर? उत्तर ईमेलवर घ्या. 'चिंता ना करो, साहेब' हे आमच्याकडे सगळ्यालाच म्हणतात. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच सांगितलं, पण रात्री अकराला काउंटरवर बसलेला पोरगा मालक काय सांगून गेलाय तेच बघतो.

तारीखही बघा. नवरात्रात नकोच. शहरभर गरबा, आणि मैदानात कुणाला घ्यायचं यावरून अलीकडे वाद तापतात. मोठ्या मिरवणुकांचे दिवसही सोडा. मार्च 2023 मध्ये रामनवमीच्या मिरवणुकीवेळी फतेपुऱ्यात दगडफेक झाली. तुमचं सभागृह तिथून लांब असेल, पण बाहेरून आलेल्या माणसाला कुठला रस्ता लांबचा ते कसं कळणार?

राहिलं वजन. हॉलचं भाडं आणि जेवणाचा दर यांच्या रांगेत हा मुद्दा बसवू नका. ज्याला भीती वाटते तो तक्रार करत नाही, 'घरी लग्न आहे' म्हणतो आणि येत नाही. त्यामुळे शहर ठरवण्याआधी सगळ्या सभासदांना नाव न लिहिता भरायचा फॉर्म पाठवा. समितीतल्या एकुलत्या मुस्लिम सदस्याला 'तुम्हाला काय वाटतं' विचारून मोकळं होऊ नका, ते त्याच्यावर ओझं होतं. फॉर्ममधून बरेच जण कचरताना दिसले तर मी बडोदेकर असूनही दुसरं शहर बघा म्हणेन.

दारूबंदीबद्दलही विचारलंय. बाहेरून येणाऱ्यांना परमिट मिळतं, त्यावर बैठक घालवू नका.