विज्ञान म्हणतं रंग नसतोच, नुसत्या लहरी असतात. मग आपल्याला दिसतं ते सगळं खोटं का? आणि मॅजेन्टा (गुलाबी-जांभळट) रंग अस्तित्वातच नाही हे खरंय का?

खोटं नाही हो. गडबड कुठे होते, तर आपण डोळ्याला मोजायचं यंत्र समजतो आणि मग स्पेक्ट्रोमीटरशी, म्हणजे उजेडातल्या लहरी मोजणाऱ्या यंत्राशी, त्याचं जमलं नाही की एकदम सगळा भ्रम म्हणून मोकळे होतो.

पिवळाच घ्या. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड साधारण 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा (म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) असतो. आता मोबाईलवर पिवळं चित्र उघडा आणि स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा, तो भिंगाचं काम करतो. नीट बघितलंत तर त्यात लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले दिसतील, पिवळा ठिपका एकही नाही. म्हणजे दिव्यातून एक प्रकारचा उजेड येतोय, स्क्रीनवरून वेगळाच, आणि डोळा दोन्हीला पिवळा म्हणतो. कारण रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक पेशी फक्त "मला एवढा धक्का बसला" एवढंच सांगते, कुठल्या तरंगलांबीने बसला ते नाही, त्यामुळे बाहेर काहीही येऊ दे, मेंदूकडे जातात ते तीन आकडे. आजूबाजूचं सगळं सारखं असेल तर ते तीन जुळले की रंग सेम, विषय संपला.

पण मला यातली खरी भारी गोष्ट वेगळीच वाटते. हे जे जुळणं आहे, तेच लोकांनी मोजून काढलं. 1920च्या दशकात राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये वेगवेगळे प्रयोग केले, माणसाला एका बाजूला एक रंग दाखवायचा आणि दुसऱ्या बाजूला लाल, हिरवा, निळा कमीजास्त करायला सांगायचं, दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत. दोघांचे मिळून माणसं किती, तर 17! त्यावरून 1931 साली रंगाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि आजच्या स्क्रीनचे रंगसुद्धा त्याच हिशोबात बसवतात. म्हणजे "दिसणं" विरुद्ध "मॉडेल" (विज्ञान गोष्टीचं जे वर्णन करतं ते) असं भांडण लावताना हे लक्षात घ्या की इथे दिसण्यातूनच मॉडेल बनलंय.

अर्थात डोळ्याच्या पलीकडेही बरंच असतं, ते नाकारत नाही. 1800 मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने प्रिझममधून पडलेल्या पट्ट्यात लाल रंगाच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला तर पारा चढला. डोळ्याच्या भरवशावर बसला असता तर इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा हा न दिसणारा उजेड, सापडला नसता.

मॉडेल चांगलं की नाही हे मी असं बघतो की आपल्याला तसं का वाटतं हेही ते सांगतं का. एकाच खोलीत पडून असलेलं लोखंड हाताला लाकडापेक्षा गार लागतं, थर्मामीटर दोघांना सारखाच आकडा देतो. लोखंड हातातली उष्णता भराभर ओढतं आणि त्वचेला कळतं ते स्वतःचं गार होणं. मग याच हिशोबाने दोन्ही वस्तू त्वचेपेक्षा जास्त तापल्या तर लोखंडच जास्त गरम लागायला हवं, आणि लागतंच. इथे थर्मामीटर पण बरोबर, हात पण बरोबर, दोघं वेगवेगळी गोष्ट सांगतायत.

(ते "टेबल म्हणजे 99 टक्के रिकामी जागा" वालं वाक्य मात्र मला पटत नाही, टेबल टणक का लागतं ते इलेक्ट्रॉनच्या वागण्यातूनच नीट समजतं, टणकपणा काही खोटा ठरत नाही त्याने.)

राहिला मॅजेन्टा. त्याला स्वतःची एकच अशी तरंगलांबी नाही एवढंच खरं, लाल आणि निळा एकत्र आले की तो दिसतो, म्हणून इंद्रधनुष्यात शोधून सापडणार नाही. पण तसं तर पांढऱ्यालाही नाही, राखाडीलाही नाही, त्यांना कोणी "अस्तित्वात नाही" म्हणत नाही. आणि तपकिरी तर त्याहून मजेशीर, तो म्हणजे मंद नारिंगीच, आजूबाजूला जास्त उजळ काहीतरी असलं की तपकिरी दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत तोच उजेड एकटा दाखवला की नारिंगी.